घोडेस्वार की अश्वारूढ?

प्रश्न असा आहे: टेक्सासमध्ये एल पासोच्या विमानतळावर ‘द इक्वेस्ट्रियन’ नावाचा पुतळा आहे. लेखात त्याचं मराठी ‘अश्वारूढ’ करावं, ‘घोडेस्वार’ की ‘शिलेदार’?

‘घोडेस्वार’ करा.

‘अश्वारूढ’ हे विशेषण. ते एकटं आलं की वाचक विचारणार, अश्वारूढ कोण? शिवाय हा शब्द आपण कुणालाही लावत नाही. माथेरानला घोड्यावर बसून फोटो काढून घेणारा अश्वारूढ नसतो. लावलाच तर थट्टेत. चौकातल्या महाराजांसाठी राखलेला शब्द आहे तो, मान त्यात आधीच आलेला. आणि एल पासोतलं भांडण नेमकं मानावरूनच होतं. पुतळा हुआन दे ओन्याते या स्पॅनिश वसाहतकाराचा. १५९८ मध्ये तो न्यू मेक्सिकोत शिरला. १५९९ च्या जानेवारीत त्याच्या सैनिकांनी आकोमा या मूळनिवासी गावात शेकडो माणसं मारली. कैद्यांपैकी पंचविशीच्या वरच्या पुरुषांना एक पाऊल तोडण्याची आणि वीस वर्षं गुलामीची शिक्षा झाली. लोकांनी विरोध केला तेव्हा नगर परिषदेने २००३ मध्ये पुतळ्याच्या नावातून ओन्याते काढून ‘द इक्वेस्ट्रियन’ केलं, आणि २००६ मध्ये ३६ फुटी घोडा स्वारासकट दिमाखात उभा केला. मला ही पळवाट वाटते. पण ती त्यांची आहे; ‘अश्वारूढ’ लिहून काढलेला मान आपण परत कशाला द्यायचा?

‘शिलेदार’ सुचवणाऱ्याचं मात्र कौतुक. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा, आणि ओन्यातेनेही मोहीम पदरच्या पैशानेच काढली होती. व्युत्पत्तीने चपखल, वापराने घातक: आज शिलेदार म्हटलं की निष्ठावंत वीरच डोळ्यांपुढे येतो. सरकारी घोड्यावरचा तो बारगीर. त्याच शब्दाचं बंगालीत ‘बर्गी’ झालं, आणि तिथे बर्गीचं नाव घेऊन पोरांना निजवतात. आपल्याच घोडेस्वारांची ही दुसरी ओळख.

आणखी एक दुरुस्ती. न्यू मेक्सिकोतल्या अल्काल्दे इथे ओन्यातेचा आणखी एक पुतळा होता. १५९८ ला चारशे वर्षं होण्याच्या सुमारास त्याची कुणीतरी मोडतोड केली; त्याबद्दल ‘पाय कापला’ असं तुम्ही लिहिलंय. मराठीतला पाय मांडीपर्यंत जातो. कापणाऱ्यांनी उजवं पाऊलच नेलं होतं, बुटासकट. तिथे ‘पाऊल’च हवं, आकोमाच्या शिक्षेतही तेच होतं.