पीडीएफ असताना छापील मॅन्युअल कशाला? माझा महागात पडलेला अनुभव

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि आमचा २०१४ चा जून आठवला. वडिलांचा एचएमटी २५११ ट्रॅक्टर, हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उतरवायचंय, मोबाईलवर कुणीतरी पाठवलेली पीडीएफ आहे आणि जुन्या छापील वर्कशॉप मॅन्युअलचे (खोलणं-जोडणं सांगणारं कंपनीचं पुस्तक) एक जण अडीच हजार मागतोय, तर घेऊ का असं विचारलंय तुम्ही. घ्या. घासाघीस करा पण घ्या. (मी मिस्त्री नाही हो, शेतकरी आहे, स्वतःची गाडी स्वतः खोलायची खोड आहे एवढंच. तेव्हा त्या हिशोबानेच वाचा.)

हेड कसं उतरवायचं ते सांगत बसत नाही, ते तुम्हाला येतच असणार. मी कुठे माती खाल्ली ते सांगतो.

आमची गाडी तीन सिलिंडरची. रेडिएटरचं झाकण उघडलं की बुडबुडे, डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधली पट्टी) गेलेलं हे पोरगंही सांगेल. मृग तोंडावर. म्हटलं हेड आपणच उतरवू, पण नट किती टॉर्कला, म्हणजे किती जोराने, आवळायचे ते तरी कंपनीच्या पुस्तकातून बघून घेऊ. म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलो (नाव घेत नाही, कुणाचं ते महत्त्वाचं नाही). काउंटरच्या मागे पुस्तक दिसत होतं, निळ्या पुठ्ठ्याचं, त्याच्यावर चहाचा ट्रे ठेवलेला. एक पान बघू द्या म्हटलं, हवं तर इथेच उभा राहून लिहून घेतो. उत्तर आलं, "ग्राहकाला मॅन्युअल दाखवत नाही, गाडी इकडे आणा." बंद पडलेली गाडी बावीस किलोमीटर आणायची कशी, तर टेम्पो करून आणा. दुसऱ्यांदा गेलो तर साहेब जेवायला गेलेले, तिसऱ्यांदा साहेब रजेवर. पुस्तक तिथंच, ट्रे तिथंच. नवीन ट्रॅक्टर बघायला गेलं की हेच लोक फेटा बांधतात, असो.

मग भाच्याने पीडीएफ शोधून दिली, मॉडेल बरोबर होतं, आकडेही बरोबरच होते. घोटाळा माझा होता. टॉर्कच्या तक्त्यात एका ओळीत तीन आकडे असतात, ६०, ८.३ आणि ८१, फूट-पौंड, किलोग्रॅम-मीटर आणि न्यूटन-मीटर असे तीन रकाने. आता पाच इंचाच्या स्क्रीनवर ग्रीसच्या बोटाने मोठं करून वाचायचं म्हणजे रकान्याचं डोकं वर निघून जातं, उरतात नुसते आकडे. मला दिसला ८१. आणि उसना आणलेला टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, त्याच्यावर दोन स्केल, मी लावला फूट-पौंडवाल्या बाजूला. म्हणजे ८१ न्यूटन-मीटरच्या जागी ११० च्या आसपास, एक तृतीयांश जास्त.

पहिल्या दोन फेऱ्या कमी ताकदीच्या होत्या, त्या नीट झाल्या. शेवटच्या फेरीत मधल्या ओळीतला एक नट आवळताना पाना जड व्हायच्या ऐवजी हलका व्हायला लागला. लोण्यात फिरवल्यासारखा. तिथंच थांबायला हवं होतं, मी म्हटलं आणखी पाव फेरी. टक् झालं आणि स्टड (ज्याच्यावर नट बसतो तो ब्लॉकमधला आटेदार दांडा) ब्लॉकच्या तोंडाशी तुटला. हेड परत खाली, नवं गॅस्केट एकदा दाबलं गेल्यामुळे कचऱ्यात, बाकीचे स्टड ताणले गेले असणार म्हणून तेही बदलले. लेथवाला घरी येऊन तुटलेला तुकडा ड्रिल करून काढून गेला, त्याचा हात सरळ म्हणून ब्लॉक वाचला. नऊ दिवस गेले, सोयाबीनची पेरणी शेजाऱ्याला भाडं देऊन केली आणि त्याने दर मोसमाचा लावला.

तेव्हा साखर कारखान्यातून रिटायर झालेल्या एका फिटरकाकांनी त्यांचं पुस्तक दिलं. पान उघडं ठेवून बोनेटवर ठेवा, तक्ता डोक्यासकट एका नजरेत दिसतो, स्क्रीन बंद होत नाही, मधेच कुणाचा फोन येत नाही. समासात पेन्सिलने लिहिलेलं, "नटाला ऑइलचं बोट, स्टडच्या भोकात ऑइल नको." हे पीडीएफमध्ये कुठून येणार.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल काका पुस्तकवेडे. पुस्तक इंग्रजीत असतं, अर्ध्या ठिकाणी "स्पेशल टूल वापरा" म्हणून मोकळे होतात. आणि माझ्या मते, पटणार नाही काहींना, पैसे एकाच पुस्तकापुरते असतील तर कधीकधी पार्ट्स कॅटलॉग जास्त कामाचं, कारण त्यात सुटे भाग क्रमाने मांडलेलं चित्र असतं, कुठला वॉशर कुठल्या बाजूला ते कळतं. ट्रॅक्टरबरोबर मिळणारं ऑपरेटरचं पुस्तक मात्र या कामाचं नाही, ऑइल आणि ग्रीसपुरतं ठीक. मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या सरकारी ट्रॅक्टर टेस्टिंग सेंटरचे रिपोर्ट चाळले तर स्पेसिफिकेशन मिळतात, पण खोलणं-जोडणं नाही.

तुमच्या गाडीचं सांगायचं तर एचएमटीने १९७१ मध्ये हरियाणातल्या पिंजोरला तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीबरोबर ट्रॅक्टरची सुरुवात केली, तीच ही २५११. म्हणून झेटर २५११ चं पुस्तक मिळालं तरी सोडू नका, फक्त इंजिन नंबर कुठून कुठपर्यंत लागू ते पहिल्या पानांत बघा. एचएमटीचं ट्रॅक्टरचं काम बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला, आता छापील प्रत कंपनीकडून मिळण्याची आशा नको. आयटीआयला ट्रॅक्टर मेकॅनिकचा ट्रेड असेल तिथे, नाहीतर पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारा. माझे वरचे आकडे तुमच्या इंजिनाला लावू नका, ते माझ्या गाडीचे आहेत.

पुस्तक घेतलंत की आधी टॉर्क, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि टायमिंगची पानं झेरॉक्स करून प्लास्टिकमध्ये घाला, मूळ पुस्तक घरात. टॅपेट थंड इंजिनाचं सांगितलंय की गरम, तेही झेरॉक्सवर लाल पेनाने लिहा. आणि पैसे द्यायच्या आधी शेवटची पानं मोजा, मला एकाने हायड्रॉलिकचा अख्खा भाग फाडलेलं पुस्तक विकलं होतं.