वडिलांना हार्ट फेल्युअर आहे. फेरतपासणीच्या वेळी फुप्फुसांची सोनोग्राफी केल्याने फायदा होतो का?
होय, होऊ शकतो. मात्र तो नेमका कशात, हे समजून घ्यावे. फुप्फुसांत पाणी साचू लागले की सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांच्या आवरणापासून खाली उतरणाऱ्या उभ्या, चमकदार रेषा दिसतात. त्यांना बी-लाइन म्हणतात. स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नसताना आणि पायांवर सूज नसतानाही त्या दिसू शकतात, आणि माझ्या मते या तपासणीचे खरे मोल इथेच आहे, कारण लघवी वाढवणाऱ्या औषधाचा डोस धाप वाढण्याआधीच बदलता येतो. बार्सिलोना येथे १२३ रुग्णांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ६ महिन्यांच्या काळात सोनोग्राफीच्या आधारे उपचार मिळालेल्या गटाला तातडीने दवाखाना गाठण्याची वेळ कमी आली. रुग्णालयात भरती होणे व मृत्यू यांत मात्र ठळक फरक आढळला नाही. न्यूमोनिया किंवा फुप्फुसाच्या फायब्रोसिसमध्येही (फुप्फुसाच्या ऊती घट्ट व जाड होणे) अशा रेषा दिसतात, म्हणून रक्तदाब, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) आणि पोटॅशियम पाहिल्याशिवाय केवळ त्यांवरून डोस ठरवू नये. वडिलांचे वजन रोज सकाळी नोंदवणे सुरूच ठेवावे. ३ दिवसांत ते २ किलोंहून अधिक वाढल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.