जावा वगळून इंडोनेशिया बघू नका

प्रश्न: कोल्हापूरहून आई-वडिलांना घेऊन 12 दिवस इंडोनेशियाला जायचं आहे. समुद्रकिनारे, ज्वालामुखी आणि डचांच्या काळातली जुनी शहरं, असं तिन्ही हवं आहे. एजंट म्हणतोय, जावा सोडा, नुसतं बाली करा. तसंच करावं का?

उत्तर: नाही. अजिबात करू नका.

तुमच्या एजंटाचं हे बोलणं मी आधी ऐकलंय. 2023 च्या मे महिन्यात भाचीच्या लग्नात पंगतीला बसलो होतो, तेव्हा आमचे साडू म्हणाले, "पाव्हणं, जावात काय बघणार? ऊस? जन्मभर तेच बघितलंसा की." ते नुकतेच बालीची पाच रात्रींची टूर करून आले होते आणि झोपाळ्यावर बसलेले त्यांचे फोटो पंगतीतून फिरत होते. सगळे हसले. लग्नघर होतं, मी मान खाली घालून जेवलो. पण ते वाक्य घशात अडकून राहिलं.

मी या जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात 33 गाळप हंगाम काढले, शेवटची काही वर्षं चीफ केमिस्ट होतो. वडील शेतकरी. जुना, जाड कांड्यांचा ऊस दिसला की ते शेवटपर्यंत त्याला 'पीओजे' म्हणायचे. ही अक्षरं जावाची. पूर्व जावात पासुरुआनला डचांनी ऊस संशोधन केंद्र काढलं होतं, त्याच्या डच नावाची ही आद्याक्षरं. तिथं 1921 साली तयार झालेला उसाचा वाण पीओजे 2878 जगभर गेला, आपल्या दख्खनच्या पाटपाण्यावरही आला. पुढं आपल्याकडं वर्षानुवर्षं राज्य केलेला उसाचा वाण को 419, त्याची आई हीच. म्हणजे आमच्या घरातली दोन माणसं ज्या पिकावर शिकली आणि जगली, त्याचं माहेर जावा. आणि साडू विचारतात, तिथं काय बघणार.

2024 च्या जुलैत सौ.ला घेऊन गेलो. महिना मुद्दाम निवडला. आपल्याकडं तेव्हा पंचगंगा पात्राबाहेर आणि कारखाने बंद. तिकडं कोरडा हंगाम, आकाश स्वच्छ आणि गाळप जोरात. रस्त्यानं उसाचे ट्रक, मागं लोंबणारी वाढी, चिमणीचा धूर, सगळं आपल्यासारखं. मध्य जावात आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाईंनी सांगितलं, हंगाम सुरू करताना काही कारखान्यांत दोन उसांना नवरा-नवरी नटवून त्यांचं लग्न लावतात, वरात काढतात आणि मग मोळी टाकतात. सौ.नं त्यांना मोबाइलवर आमच्या दारातल्या तुळशीच्या लग्नाचा फोटो दाखवला, चारही बाजूंना ऊस बांधलेला. त्या बाई कितीतरी वेळ तो फोटो बोटांनी मोठा करून बघत होत्या.

डचांच्या शहरांचं विचारलंत, तर ती शहरं उसाशिवाय कळणारच नाहीत. 1830 पासून डच सरकारनं जावाच्या शेतकऱ्यांवर सक्ती केली: जमिनीचा पाचवा हिस्सा आम्ही सांगू त्या पिकाला. ऊस, कॉफी, नीळ. तो माल बंदरावर न्यायला रेल्वे आली, 1867 ला सेमारांगहून देशातला पहिला मार्ग सुरू झाला, आणि त्या रेल्वे कंपनीनं 1904 ते 1907 मध्ये तिथं जे मुख्यालय बांधलं ते 'लावांग सेवू', म्हणजे हजार दारं. रंगीत काचा, लांबच लांब व्हरांडे. बघा जरूर, पण त्या व्हरांड्यात उभं राहून एवढे पैसे कुणाच्या रानातून आले हे आई-वडिलांना सांगा. सोलोजवळ कोलोमादूचा जुना कारखाना आहे, 1861 साली तिथल्या राजानं, चौथ्या मांकुनेगारानं काढलेला. आता त्याचं संग्रहालय केलंय; मोठमोठी दातेरी चाकं, वाफेची यंत्रं जागच्या जागी ठेवून रंगवलीत. राजानं काढलेली गिरणी म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाला शाहू मिल आठवणारच. मला आठवली आणि मी तिथं तीन तास होतो. प्रवासवर्णनांत त्याला दोन ओळी मिळतात, ते चूक आहे.

आता ज्वालामुखी. ब्रोमो सगळेच सांगतील आणि तो सुंदर आहेच. विवराच्या काठावर गणपती बसलाय, खालच्या काळ्या वाळूच्या मैदानात हिंदू देऊळ आहे आणि आजूबाजूचे टेंगर लोक अजून हिंदू आहेत. पन्हाळा, जोतिबाचा दगडही ज्वालामुखीचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला. इथं तोच कारखाना चालू अवस्थेत बघायला मिळतो. पण मला बोलायचंय ते इजेनबद्दल.

इजेनच्या पायथ्याकडं जायला जावाच्या पूर्व टोकाच्या बान्युवांगी गावाहून रात्री बाराला जीप निघाली. पाल्टुडिंगच्या चौकीवर दोनला गेट उघडलं. तिथून तीन किलोमीटर चढ. सौ. विवराच्या काठावर एका दगडाला टेकून बसली, मी गाइडबरोबर आत उतरलो. खाली निळ्या ज्वाळा दिसतात त्या बघायला लोक जगभरातून येतात. भेगांतून बाहेर पडणारा गंधकाचा वायू हवेत पेटतो, त्या ज्वाळा. दिवसाही पेटलेल्याच असतात, उजेडात दिसत नाहीत. माझ्यासाठी ती ज्वाळा ओळखीची होती. उसाच्या रसात चुना घालून त्यात गंधक जाळलेला वायू सोडतात, तेव्हा आपली साखर पांढरी होते. आमच्या सल्फर बर्नरच्या झरोक्यातून 33 हंगाम मी हाच निळा रंग बघितला. तो असा उघड्या डोंगरात, कुणी न पेटवता, रात्रभर जळताना बघून मला पाच मिनिटं बोलताच आलं नाही.

मग वारा फिरला. मास्क असूनही घशात तीच जुनी धार लागली. कारखान्यात गळती झाली की ओला रुमाल नाकाला लावायचा आणि वाऱ्याला आडवं सरकायचं, ही पायांना सवय. शेजारची दोन तरुण मुलं धुरासोबत, धुराच्याच दिशेनं पळायला लागली होती; त्यांना दंडाला धरून बाजूला ओढलं, बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून दिलं.

तिथंच तो बसला होता. चाळिशीचा असेल. वायू पाइपांतून खाली आणतात, पाइपाच्या तोंडाशी तो थिजून लालसर रस ठिबकतो आणि गार होता होता पिवळा पडतो. त्या लाद्या पहारीनं फोडून त्यानं वेळूच्या कावडीच्या दोन्ही टोपल्यांत भरल्या होत्या. उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ, तिच्यावरची कातडी चामड्यासारखी झालेली. मी खुणेनं विचारून कावडीला खांदा लावला. चार बोटंसुद्धा उचलली नाही. गाइड म्हणाला, 80 किलोच्या आसपास आहे, दिवसाला अशा दोन फेऱ्या. विचारलं, हे जातं कुठं? गाइडनं भाषांतर करायच्या आधीच तो माझ्याकडं बघून म्हणाला, "पाब्रिक गुला."

साखर कारखाना. 'गुला' म्हणजे त्यांची साखर, आपल्या गुळाच्याच घरातला शब्द.

मी तिथं दगडावर बसून हिशेब केला. एक टन ऊस गाळायला अर्धा किलोच्या आसपास गंधक लागतो. दिवसाला 5000 टन गाळणाऱ्या कारखान्याला अडीच टन. आमच्याकडं तो तेलाच्या रिफायनरीतून निघालेला, पोत्यांत भरून यायचा; स्टोअरकीपर कागद पुढं करायचा, मी सही करायचो. अडीच टन म्हणजे अशा 31 कावडी. रोज. साखरेचा रंग जरा उतरला की "गंधक वाढवा रे" म्हणून मी फोन करायचो, तो किती सहज करायचो ते मला त्या दगडावर आठवलं.

उजाडलं तेव्हा खालचं तळं दिसलं, फिरोजी रंगाचं, वाफाळणारं. ते सगळं आम्ल आहे, इतकं तीव्र आणि इतकं मोठं तळं जगात दुसरं नाही. सौ.ला कावडीचं सांगितलं. तिनं तो वर येईपर्यंत थांबायला लावलं, आमच्या डब्यातल्या चार दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्याला दिली. तो साच्यात ओतलेली गंधकाची छोटी कासवं विकत होता. विमानात गंधक नेऊ नये हे मला कळतं, म्हणून कासव घेतलं नाही, पैसे दिले. तुम्हीही घेऊ नका.

दिवाळीला हे साडूंना सांगितलं तर म्हणाले, "लोकांचे हाल बघायला दोघांचे मिळून तीन लाख घालवलासा?" तेव्हा सणाचं घर होतं, पुन्हा गप्प बसलो. इथं सांगतो. हो, घालवले, आणि परत घालवीन. ज्या वस्तूवर माझा संसार उभा राहिला तिच्यासाठी कुणाचा तरी खांदा झिजतो, हे बघायला मला साठी उलटावी लागली याचंच वाईट वाटतं. झोपाळ्यावरचा फोटो कुठल्याही बागेत निघतो.

आणि समुद्रासाठी कोल्हापूरच्या माणसानं विमानात बसावं हे मला मुळातच पटत नाही. गगनबावड्याचा घाट उतरला की विजयदुर्ग आपलाच आहे. किनारा हवाच असेल तर शेवटी दोन रात्री बालीत सानूरला राहा. पुढं प्रवाळाची रांग असल्यानं पाणी संथ आणि उथळ, आई-वडिलांना गुडघाभर पाण्यात उभं राहता येईल. कुटाला जाऊ नका.

माझा क्रम असा: जकार्ताला उतरून जुन्या बटाविया भागात, म्हणजे डचांच्या काळातल्या जकार्तात, अर्धा दिवस, दुसऱ्या दिवशी रेल्वेनं सेमारांग, तिथून गाडीनं बोरोबुदूरचा प्राचीन बौद्ध स्तूप करत योग्यकार्ता. तिथं तीन रात्री, त्यातच प्रांबानानची जुनी हिंदू देवळं आणि कोलोमादू. मग रेल्वेनं सुराबाया, पुढं दोन तासांवर प्रोबोलिंगो, तिथून ब्रोमो. पासुरुआन स्टेशन वाटेतच लागतं, खिडकीशी बसा. पुन्हा रेल्वेनं बान्युवांगी, इजेन, आणि केतापांगहून फेरीनं बाली. बोरोबुदूरच्या वर चढताना आपल्या चपला काढून विणलेल्या चपला घालायला देतात, त्यांचं नाव 'उपानत', म्हणजे आपला संस्कृत उपानह. माझ्या पायात कोल्हापुरी होती, त्या देणाऱ्या मुलीनं ती हातात घेऊन उलटीपालटी करून शिवण बघितली. वरच्या मजल्यावर रोज ठरावीक माणसंच सोडतात, तेव्हा ते तिकीट आधी काढा.

व्हिसा विमानतळावर मिळतो, 5 लाख रुपिया, 30 दिवस. बालीत शिरताना दीड लाख रुपिया वेगळे. शाकाहारी असाल तर टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) आणि टोफू सगळीकडं आहे, पण चटणीत 'तेरासी' म्हणजे कोळंबीचा खारवलेला लगदा असतो, आधी विचारा.

हे आधीच लिहायला हवं होतं: वडिलांना किंवा आईला दमा असेल तर इजेन नको, काठापर्यंतसुद्धा नको. वाऱ्यावर कुणाची सत्ता नाही. तिथं जायला डॉक्टरचा दाखला मागतात, तो बान्युवांगीत होतो, पण तो दाखला म्हणजे तब्येतीची हमी समजू नका. वायू वाढला की विवरात उतरणं बंद करतात, कधी डोंगरच बंद ठेवतात, म्हणून बान्युवांगीत एक दिवस जादा धरा. गुडघे दुखत असतील तर वरपर्यंत ट्रॉली मिळते, तीच खाणीतली माणसं ओढतात. संकोच न करता बसवा. आमच्या गाइडच्या म्हणण्याप्रमाणे कावडीपेक्षा त्यात त्यांना बरे पैसे मिळतात. दोघंही सत्तरीच्या पुढचे असतील तर दोन्ही डोंगर झेपणार नाहीत, एकच करा. कुठला, ते तुम्हाला कळलंच असेल.

आणि फेरी बालीला लागली की घड्याळ एक तास पुढं करा. जावा आणि बालीची वेळ वेगळी आहे.