परागंदा आयरिश, स्पेनचा सेनापती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अलेहांद्रो ओ'रायली (सु. १७२३–१७९४) या स्पॅनिश सैन्यातील आयरिश सेनापतीविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : आयरिश माणूस स्पेनच्या चाकरीत का गेला?

आयर्लंडमधील युद्ध संपवणाऱ्या १६९१च्या लिमरिकच्या तहानंतर पराभूत आयरिश कॅथलिक सैन्यातील हजारो शिपाई देश सोडून गेले आणि पुढील कायद्यांनी आयर्लंडमधील कॅथलिकांना लष्करी अधिकारपदे बंद केली, त्यामुळे खानदानी घरांतील मुलांना तलवारीचा पेशा परमुलखातच शोधावा लागला. स्पेनकडे इर्लांदा, हिबेर्निया आणि उल्तोनिया या आयरिश पलटणी होत्या. ओ'रायली कोवळ्या वयातच हिबेर्नियात कॅडेट झाला. (फ्रान्सकडेही अशा पलटणी होत्या. महादजी शिंद्यांची कवायती फौज उभारणारा डी बॉयन त्यांपैकी क्लेअर पलटणीत नोकरीस होता, पण तो आयरिश नव्हे, सव्हॉयचा.)

प्रश्न : परक्या माणसाला एवढी बढती कशी मिळाली?

शौर्य होतेच, १७४३च्या काम्पो सांतोच्या लढाईत पायाला झालेल्या जखमेमुळे तो जन्मभर लंगडत राहिला. मात्र माझ्या मते त्याला वर नेले ते तलवारीपेक्षा त्याच्या अहवालांनी. इंग्रजांनी क्यूबातील हवाना स्पेनला परत केल्यावर १७६३ साली त्याने तेथील स्थानिक फौजेची नव्याने बांधणी केली आणि १७६५ साली पोर्तो रिकोची पाहणी करून ४४,८८३ रहिवाशांची, त्यांत ५,०३७ गुलामांची, नोंद राजापुढे ठेवली. दरबारात पिढीजात पाठबळ नसलेल्या माणसाचा सारा भरवसा राजा तिसऱ्या कार्लोसच्या मर्जीवर होता.

प्रश्न : त्याला 'रक्तपिपासू ओ'रायली' म्हणतात, ते न्याय्य आहे का?

हे नाव उत्तर अमेरिकेतील लुइझियानातील कारवाईमुळे पडले. फ्रान्सने स्पेनला दिलेल्या या वसाहतीतील फ्रेंच वसाहतवाल्यांनी १७६८ साली स्पॅनिश गव्हर्नर उयोआ याला हाकलून दिले होते. पुढच्या ऑगस्टमध्ये सुमारे दोन हजार सैनिकांसह ओ'रायली न्यू ऑर्लिन्सला उतरला, त्याने पुढाऱ्यांना भेटीस बोलावून तेथेच अटक करवली आणि खटला चालवून २५ ऑक्टोबर १७६९ रोजी पाच जणांना गोळ्या घालून ठार केले. शिक्षा खरे तर फाशीची होती, पण फाशी देणारा मिळाला नाही. भेटीचे निमित्त करून पकडणे मला तरी गैर वाटते. पण बहुसंख्य बंडखोरांना त्याने माफी दिली, तेथे काबिल्दो नावाची नगरसभा नेमली आणि मूळ रहिवासी इंडियनांना गुलाम करण्यास बंदी घातली. त्या काळच्या मापाने हा हिशेब कठोर होता, पण पिसाट नव्हता. परकेपणाचा शिक्का असलेल्या अधिकाऱ्याला राजाज्ञा सैल करणे परवडले नसते, हेही लक्षात घ्यावे.

प्रश्न : अल्जियर्समध्ये काय बिघडले?

जवळजवळ सगळेच. जुलै १७७५मध्ये ओ'रायलीच्या हाताखालील सुमारे वीस हजारांची स्पॅनिश फौज उत्तर आफ्रिकेतील या शहरावर हल्ला करण्यासाठी किनाऱ्यावर तुकड्यातुकड्यांनी उतरली, आघाडीच्या तुकड्या शत्रूचा पाठलाग करत कुंपणांच्या बागायतीत शिरल्या आणि तोफा वाळूत रुतल्या. पाचशेहून अधिक ठार आणि दोन हजारांहून अधिक जखमी झाल्यावर फौज त्याच दिवशी माघारी फिरली. स्पेनमध्ये लोकांनी सारा राग ओ'रायलीवर काढला, तरी राजाने त्याला सोडले नाही. पुढे अंदालुसियाचा कारभार त्याच्याच हाती होता.

प्रश्न : त्याचा आणि पलटणींचा शेवट कसा झाला?

१७९४ साली फ्रान्सविरुद्धच्या आघाडीचे सेनापतिपद स्वीकारण्यास जात असता त्याला वाटेतच मृत्यू आला. तोवर पलटणींतील साध्या शिपायांत आयरिश थोडेच उरले होते, अधिकाऱ्यांत मात्र ओ'नील, ओ'डॉनेल अशी आडनावे कायम होती. १८१८ साली त्या मोडण्यात आल्या.