लांबचा दवाखाना

पत्र : ताई, माझं वय ४६, ह्यांचं ५०. आम्ही सहकारनगरला राहतो, हे भोसरीत एका कंपनीत आहेत. गेले आठ-नऊ महिने ह्यांचं कशातच लक्ष नाही. पहाटे तीनला जाग येते, मग हॉलमध्ये अंधारात बसून राहतात. वजन सात किलोने उतरलं. थायरॉइड, बी-१२, शुगर, ईसीजी, सगळं नॉर्मल आलं. फॅमिली डॉक्टर म्हणाले, डिप्रेशन वाटतंय, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. चिठ्ठीही दिली. पण हे मनावरच घेत नाहीत. रोज तळजाईला जाणारा माणूस, आता बूट धूळ खात पडलेत. मी किती सांगते, प्राणायाम करा, टेकडीवर जा, चांगला विचार करा. गणपतीच्या आधी एकदा स्वतःच म्हणाले होते की कोपऱ्यावर ते मानसोपचारवाले आहेत तिथे जाऊन येऊ का, पण तिथे सोसायटीतले सगळे येता-जाता बघतात आणि लेकीसाठी स्थळं बघतोय, म्हणून मी म्हटलं लांबचा बघू. ते राहूनच गेलं. आता विषय काढला की उठून जातात. माणूस तयारच नसेल तर बायकोने काय करायचं?

— सहकारनगरची वाचक

उत्तर : ते तयार होते.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा ‘लांबचा बघू’पाशी अडखळले. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. माझ्या मते तुमचं सगळं पत्र तेवढंच आहे.

‘जाऊन येऊ का?’ हे तीन शब्द म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल, याचा विचार केलात? हा आजार माणसाची उठायची ताकद आधी काढून घेतो. फोन उचलणं, नंबर शोधणं, वेळ ठरवणं, ‘मला बरं वाटेल’ असं नुसतं मनात आणणं, हे सगळं ज्याच्या जोरावर करायचं तेच आजारी पडलेलं असतं. त्यात पुरुष, पन्नाशीचा, घर चालवणारा. अशा माणसाने कोपऱ्यावरची ती पाटी कितीदा येता-जाता वाचली असेल, आणि मग एके दिवशी धीर करून तुम्हाला विचारलं असेल. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, हे खरं. पण त्यांना ऐकू आलं ते असं : ही गोष्ट लपवायची आहे. त्यानंतर विषय काढल्यावर ते उठून जातात, यात मला नवल वाटत नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याची मोठी पाहणी केली. डिप्रेशन असलेल्या दर शंभरातल्या साधारण ८५ जणांना कुठलाही उपचार मिळत नव्हता. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, पण आपल्याकडे फार वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही. लोक जात का नाहीत, याची कारणं खूप आहेत. कुणाला हा आजार आहे हेच कळत नाही, डोकं दुखतंय, ॲसिडिटी आहे म्हणून वर्षभर गोळ्या घेत राहतात. कुणाकडे पैसे नाहीत. कितीतरी तालुक्यांत मानसोपचाराचा डॉक्टरच नाही, तिथल्या माणसाला एसटीने जिल्ह्याच्या गावी जावं लागतं. तुमच्याकडे यातलं काहीच आड येत नाही. आजार कळलेला आहे, तपासण्या झाल्यात, चिठ्ठी हातात आहे, दवाखाना कोपऱ्यावर आहे. अंतर तुम्ही तयार केलंत.

आणि ते मला चांगलं माहीत आहे, कारण आमच्या घराने तेच केलं होतं. माझ्या वडिलांच्या वेळी डेक्कनला डॉक्टर होते, घरापासून चालत दहा मिनिटं. आईने चिंचवडचे शोधले. ‘इकडे कुणी बघायला नको.’ वडील दोनदा गेले. तिसऱ्या वेळी कार्पोरेशनच्या स्टॉपवर बस समोर येऊन उभी राहिली, त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि ती सोडून दिली. पायरीवर चढायचं बळ नव्हतं, असं खूप वर्षांनी मला म्हणाले. मधली चार वर्षं आमच्या घरात रेडिओ लागला नाही.

म्हणून जवळचा दवाखाना म्हणजे नुसती सोय असं समजू नका. या आजारात एकदा जाऊन भागत नाही. गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. त्याआधी मळमळ, पोट बिघडणं असला त्रासच पुढे येतो, आणि नेमकं तेव्हा माणूस म्हणतो, राहू दे. त्या वेळी पुन्हा जाऊन डॉक्टरांना सांगावं लागतं, ते डोस बदलतात. बरं वाटायला लागल्यावरही सहाएक महिने तरी गोळ्या चालू ठेवायच्या असतात, मनाने एकदम बंद करायच्या नसतात. इतक्या खेपा भोसरीहून दमून आलेला आजारी माणूस कुठल्या लांबच्या दवाखान्यात घालणार आहे?

राहता राहिली सोसायटी. पुण्यात कुणाचं जरा बिनसलं की ‘येरवड्याला न्या याला’, म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, असं म्हणायची आपल्याला सवय आहे. ते ऐकत मोठी झालेली माणसं घाबरणारच, तुम्हीही घाबरलात. अशा दवाखान्यांच्या बाकांवर मी बायका बघितल्या आहेत, आत येऊन बसल्यावरही तोंडाला बांधलेला स्कार्फ न सोडणाऱ्या. पोटात तुटतं बघून. पण पेशंटची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे. कुणी आत जाताना बघितलंच, तर बघू दे. वडील डॉक्टरांकडे जातात म्हणून जे स्थळ मोडेल, ते मोडलेलं बरं. लेकीला आज विचारा, तिला बाबा अंधारात बसलेले बरे वाटतात का. तीही रात्री उठून पाणी प्यायला जात असेल की.

आता एकच करा. उद्या सकाळी त्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात तुम्ही स्वतः जा आणि शनिवारची वेळ घ्या. मग ह्यांना समजवायला बसू नका, मानसोपचारावर भाषण नको. एवढंच म्हणा : ‘गणपतीच्या आधी तुम्ही जाऊन येऊ म्हणाला होतात. मी लांबचं काढलं. चुकलं माझं. शनिवारी साडेसहाची वेळ घेतली आहे, मी बरोबर येते.’ आणि गप्प बसा. लगेच हो म्हणाले नाहीत तरी वेळ रद्द करू नका. झोप कधीपासून गेली, वजन किती उतरलं, हे एका कागदावर लिहा, रिपोर्टांची फाइल आणि ती चिठ्ठी पिशवीत टाका.

त्याआधी आज रात्रीच एक विचारायचं आहे, सरळ शब्दांत : ‘जगणं नको असं मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका आणि शनिवारची वाट बघू नका. त्याच रात्री जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी नंबर चोवीस तास फुकट चालतो, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतःही करू शकता.

शनिवारी गाडी काढू नका, चालतच जा. फाटकाशी कुणी ‘कुठे निघालात जोडीने?’ विचारलंच तर ‘डॉक्टरांकडे’ म्हणून पुढे व्हा. आणि तळजाईचं नाव सध्या काढू नका. बूट तेवढे झटकून दाराशी ठेवा, कोपऱ्यापर्यंत जायला लागतील.