पिल्लू देण्याआधी

इंदूर

अनेक आशीर्वाद.

रामबागेतल्या कुत्रीची सहाही पिल्लं न्यायला लोक तयार आहेत, देऊन टाकू का, असं तू विचारलंस. पिल्लं ५ आठवड्यांची आहेत. अजून ३ आठवडे थांब. श्वानविक्रीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांत ८ आठवड्यांची मर्यादा आहे. फुकट देतानाही तीच पाळावी. चौथ्या आठवड्यात पिल्लं वरचं खायला लागतात, म्हणून मोठी वाटतात. पण जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ थांबतो, हे ती आई-भावंडांतच शिकतात. लवकर उचललेलं पिल्लू पुढे मुलांचे हात ओरबाडतं आणि ‘चावरं’ ठरून रस्त्यावर येतं. शिवाय अंगावर दूध असताना सगळी पिल्लं एकदम नेली, तर आईची आचळं सुजून तिला ताप येऊ शकतो.

जंताचं औषध २ आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, प्रत्येकाचं वजन करून, डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. लस ६ ते ८ आठवड्यांत सुरू होते, मग दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांपर्यंत. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला काम करू देत नाही, आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून इतके डोस. एक डोस देऊन ‘लस झालीये’ सांगणं ही फसवणूक आहे. असं सांगितलेलं पिल्लू बागेत फिरवलं जातं आणि पार्व्होने, म्हणजे रक्ताची हगवण लावणाऱ्या विषाणूच्या रोगाने, जातं. पिल्लू जिथे द्यायचं त्या घरात आधी एखादं पिल्लू रक्ताची हगवण लागून गेलंय का, हे आवर्जून विचार. पार्व्होचा विषाणू महिनोन्महिने टिकतो, नुसत्या फिनाईलच्या पोछ्यावर विसंबू नये. गेलं असेल, तर डोस पुरे होईपर्यंत तिथे पिल्लू द्यायचं नाही. रेबीजची लस ३ महिन्यांनंतर.

आता घरं. फोनवर हो म्हणू नकोस, घरी जा, आणि घरातली सगळी मोठी माणसं असताना जा. मुलगा हट्ट धरतो, पण शू-शी पुसायची आजीला लागणार असेल तर आजीचा होकार हवा. भाड्याचं घर असेल तर घरमालकाचा लेखी. गच्चीच्या कठड्यातल्या फटी बघ. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो तेव्हा पिल्लू दुपारी कुठे बसेल, हे त्यांनाच दाखवायला सांग. पत्र्याच्या शेडमध्ये साखळीला, राखणीला, वाढदिवसाची भेट म्हणून: तिन्हींना नाही. भंवरकुआंला खोली घेऊन परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं मनापासून मागतात, त्यांनाही मी नाहीच म्हणेन. परीक्षा संपली की खोली सुटते. वाईटपणा येईल, तो घे. माद्या मागे राहतात म्हणून कुणाला ‘नर आहे’ सांगून देऊ नकोस, आठ महिन्यांनी ती माजावर आली की तीच पहिली घराबाहेर काढली जाते.

दिवाळीच्या फटाक्यांत पिल्लू देऊ नये. प्रवासाआधी २-३ तास खायला नको. सोबत आईच्या अंगाखालचं फडकं आणि सध्या खातंय तेच ४-५ दिवसांचं खाणं दे. एकदम बदललं की पोट बिघडतं. गाईच्या दुधानेही बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. कांदा आणि मनुका विषारी आहेत, म्हणजे सकाळचे पोहे लाडानेसुद्धा नाहीत, हे बजावून सांग.

एका कागदावर लसींच्या तारखा, सहाव्या महिन्याच्या सुमारास नसबंदीची कबुली, आणि ‘सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू दुसऱ्या कुणाला न देता परत आणून देऊ’ हे वाक्य लिहून सही घे. परत आलेलं ठेवायला तुझ्याकडे जागा हवी, नाहीतर त्या सहीला अर्थ नाही. तिसऱ्या दिवशी, पंधराव्या दिवशी, महिन्याने फोन कर, आणि नसबंदी होईपर्यंत करत राहा.

आणि पिल्लांचं अंगावरचं पिणं सुटून दूध आटलं की आईची नसबंदी आधी. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि ६३ दिवसांत विते.