ऊसतोड महिलांच्या मुलाखतींसाठी मोबाइल पुरेल, की व्हॉइस रेकॉर्डर घ्यावा?

एमएच्या प्रबंधासाठी मोबाइल पुरतो. खर्च करायचाच तर वायरचा कॉलर माइक घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर बोलणं रंगात आलं की नेमका घरून फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. जागेची चिंता नको, साध्या मोनो वेव्ह फाइलला तासाला 300 एमबीच्या आसपास लागतात.

तरी मी छोटा रेकॉर्डरच नेतो, पण तो आवाजाच्या दर्जासाठी नाही. मोबाइल समोर धरला की बाईला वाटतं व्हिडिओ निघतोय, उद्या सगळीकडे फिरणार. रेकॉर्डर तिच्या हातात देता येतो. लाल दिवा दाखवायचा, बंद करायचं बटण दाखवायचं आणि तो तिच्याच बाजूला ठेवायचा. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, किती घेतली आणि मुकादमाने (टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराने) किती लिहिली, हा विषय निघाला की ‘आधी ते बंद करा’ हमखास येतं. बंद करायचं, मुकाट्याने. खिशातल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवण्याचा मोह होतो, तो टाळा; चोरून घेतलेलं ते बोलणं मुकादमाच्या कानावर गेलं तर निस्तरायचं तिला असतं, आपण तोवर पुण्यात.

कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, निवांत वेळ म्हणजे संध्याकाळी, चुलीपुढे. रेकॉर्डर जमिनीवर ठेवू नका. परातीत भाकरी थापली की प्रत्येक थाप जमिनीतून माइकमध्ये शिरते आणि नेमका आकडा ऐकू येत नाही. खाली टॉवेलची घडी घाला.

सगळंच रेकॉर्ड करायला हवं असंही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या प्रकल्पात जात्यावरच्या लाखावर ओव्या जमल्या, त्यातल्या बहुतेक कागदावर उतरवलेल्या. ध्वनिमुद्रण त्या मानाने थोड्यांचंच झालं. चाल हवी असेल तिथे मात्र वहीचा उपयोग नाही. तुमचा हिशेब वेगळा आहे: तासाभराची मुलाखत लिहून काढायला पाच-सहा तास धरा, बीडकडची बोली कानाला नवी असेल तर आणखी. म्हणून मुलाखती मोजक्याच घ्या आणि त्याच रात्री ऐका.

संमतीपत्रावर अंगठा मागण्याआधी गाइडशी बोला. उचलीच्या कागदावरही अंगठाच घेतलेला असतो, त्यामुळे कागद पाहून बायका बिचकतात. तोंडी संमती चालत असेल तर ती रेकॉर्डिंगवरच घ्या. फक्त तिथे नाव वदवून घेऊ नका. फाइलला तारीख आणि सांकेतिक क्रमांक द्या, नावांची वही वेगळी ठेवा, आणि ती कारखान्यावर नेऊच नका.